कॉरिडॉरमधला फोन

तिबिलिसीत त्या हिवाळ्यात वीज
दिवसाकाठी दोन तास यायची, तीही लहर लागली तर.
आम्ही चौथ्या वर्षाची मुलं
रॉकेलच्या दिव्याखाली नाड्या मोजायचो,
आणि डीन लामारा त्सुलाद्झे
दोन ओव्हरकोट चढवून राउंड घ्यायच्या,
बोटं तोंडाच्या वाफेवर शेकून मगच
पेशंटच्या पोटाला लावायच्या.

ऑक्सिजनचं सिलिंडर उरलं होतं एक.
वॉर्डात मझिया, सव्वीस वर्षांची,
सुखुमीहून बर्फातला घाट चढून आलेली,
दोन्ही फुप्फुसं भरलेली.
वहीत तिचा नंबर पहिला.
माझ्याच अक्षरात.

रात्री साडेअकराला बाईंच्या खोलीत फोन वाजला.
दार बंद होतं.
आम्हाला ऐकू आलं ते एवढंच :
"हो."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "हो, समजलं."

सिलिंडर सहा नंबरच्या खोलीत गेलं.
एक चाक कुरकुरायचं त्याचं.
मीच ढकललं.
तिथे कुणा उपमंत्र्याचा मेहुणा होता,
आजारी होता, खोटं कशाला बोलू,
पण उठून बसून सूप पीत होता.

पहाटे मझिया गेली.
शेगडीपाशी वाळत ठेवलेले तिचे बूट
तेव्हाही ओलेच होते.

सकाळी आठला, नेहमीसारखी, मृत्यूंची बैठक.
वाटलं, बाई म्हणतील : परिस्थितीच तशी होती.
ते वाक्य त्या वर्षी ज्याच्या त्याच्या खिशात असायचं,
पावाच्या कुपनासारखं,
घडी घालून घालून मऊ पडलेलं.

बाईंनी खडू घेतला.
मृत्यूचं कारण : न्यूमोनिया.
त्याखाली : एक फोन.
त्याखाली स्वतःचं नाव,
पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

म्हणाल्या, "कुणीतरी शब्द टाकला.
मी तो झेलला.
लिहून घ्या. परीक्षेला विचारीन."

बाईंचं नावही न ऐकवणारा ओतार
मागच्या बाकावर होता.
पेन सगळ्यात आधी त्यानं उघडलं.

दुपारी बाई पक्कड घेऊन आल्या,
भिंतीतली तार स्वतः उपटली,
आणि फोन कॉरिडॉरमध्ये आणून ठेवला,
वॉर्ड आणि स्वयंपाकघराच्या मधोमध, एका स्टुलावर.
नियम एकच :
जवळ असेल त्यानं उचलायचा,
आणि पलीकडचा जे बोलेल
ते मोठ्यानं म्हणायचं.

दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकीण नानुलीनं उचलला,
हातात कांदा तसाच.
"मंत्रालयातून बोलतायत!
म्हणतायत, नऊ नंबरच्या आधी आमच्या..."
पलीकडे कुणीतरी घसा खाकरला
आणि उरली नुसती घरघर.
वॉर्डातले म्हातारे खोकत खोकत हसले.
वशिला लाजायला लागला त्या आठवड्यापासून.
सगळाच नव्हे.

मार्चमध्ये बाईंना काढल्याचा हुकूम
त्याच फोनवर आला.
जवळ मी होतो.
नियम होता. म्हणालो मोठ्यानं,
एकेक शब्द, तारखेसकट.
बाई एका पायाचं ड्रेसिंग करत होत्या.
वर न बघता म्हणाल्या,
"नाव बरोबर सांगितलं ना त्यांनी?
मग कात्री दे, गाठ मारायची राहिलीय."

आज त्या खुर्चीवर मी.
शहरात पुन्हा ताप आहे, खाटा कमी आहेत,
यादी आहे, यादीला नंबर आहेत.
फोन आता वाजत नाही,
मांडीशी नुसता थरथरतो,
शेजारच्या माणसालाही कळू नये असा.

कधी उठून कॉरिडॉरमध्ये जातो,
स्पीकर लावतो, नर्सेस थांबून ऐकतात.
आणि कधी, खडू हातात घेतलाच आहे तर लिहितो,
दार लोटून घेतो.
सिलिंडर आता भिंतीतल्या नळ्यांतून येतो,
ढकलावा लागत नाही.
तरीही लोटलेल्या दारामागे
चाक कुरकुरतं.